बहात्तरचे सेहेचाळीस: बुटक्या पेनात कनव्हर्टर बसवताना

माझा आतेभाऊ जानेवारीत पुण्याहून अमळनेरला आला तेव्हा त्याने माझ्यासाठी एक शाईपेन आणला. टोपण लावल्यावर पेन जेमतेम दहा सेंटिमीटर. कावेको या जर्मन कंपनीचा ‘स्पोर्ट’ पेन ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना येईल. तो बंद असताना साडेदहा सेंटिमीटर असतो. हा त्याच्याच घाटाचा, पण आणखी बुटका, कुठल्याशा लहान कारखान्यातला. टोपण मागे लावलं की हातात बरोब्बर बसतो. आम्हा बायकांच्या कुर्त्याला खिसा नसतो, त्यामुळे पर्समध्ये चष्म्याच्या घरात मावणारा पेन मिळाला याचंच मला अप्रूप.

अडचण एकच. यात फक्त छोटी कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) बसते, ती ३८ मिलिमीटरची, आणि तिच्यात शाई मावते पाऊण मिलिलिटरच्या आसपास. बाटलीतून शाई ओढायचा नेहमीचा कनव्हर्टर मी मोजला तो भरला ७२ मिमी. रिकामी कार्ट्रिज सिरींजने पुन्हा भरायची हा सगळ्यांचाच उपाय, तो मीही केला. मेडिकलवाल्याने सिरींज देताना “कोणाला टोचायचंय?” असं दोनदा विचारलं. पेनाला, म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि आठ रुपये घेतले.

पण कार्ट्रिजचं तोंड पुन्हा पुन्हा काढघाल करण्यासाठी केलेलंच नसतं. पाच-सहा वेळा भरली की ते सैल पडतं. १० मार्चला, सोमवारी, दुसऱ्या तासाला, माझी कार्ट्रिज पेनाच्या पोटात सुटली आणि आठवी ‘ब’च्या हजेरीपटावर रुपयाएवढा निळा डाग पडला. हजेरीपटावर व्हाइटनर चालत नाही. डागाला गोल करा, त्याखालची नावं बाजूला पुन्हा लिहा, सही करा, तारीख टाका. शिवाय “सदर डाग शाई सांडल्याने पडला असून त्यात कोणतीही खाडाखोड नाही” असा लेखी खुलासा. तो मी बॉलपेनने लिहून दिला.

त्याच आठवड्यात आखूड कनव्हर्टर ऑनलाइन मागवला. असे मिळतात, दाबायचे आणि दट्ट्याचे, दोन्ही. १२ मार्चला ३४९ रुपये भरले. पार्सल पाच दिवस भिवंडीतच दिसत होतं. २१ तारखेला आलं, उघडलं, तर आत नेहमीचा लांबडा कनव्हर्टर. परत पाठवायला गेले तर ‘ही वस्तू परत घेतली जात नाही’. तक्रार केली तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ मागितला. पाच ग्रॅमच्या पाकिटाचा व्हिडिओ कोण काढतं? मी पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवले, एकूण तीन मेल लिहिले, प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक नवा. पैसे ९ एप्रिलला परत आले. तुम्ही मागवलात तर पाकीट फोडताना मोबाइल चालू ठेवा, एवढंच सांगते.

मधल्या काळात मी दुसरा मार्ग धरला होता. कनव्हर्टर नको, कार्ट्रिज नको, बॅरलमध्येच, म्हणजे पेनाच्या मागच्या पोकळ भागात, ड्रॉपरने शाई ओतायची. आपल्याकडचे जुने पेन असेच तर भरायचे. आटे गळू नयेत म्हणून पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडून चाळीस रुपयांचं सिलिकॉन ग्रीस आणलं. (व्हॅसलीन लावू नका. रबराला ते हळूहळू खातं.) आटे गळले नाहीत, पण निबेतून थेंब टपकायला लागला. तोही रोज नाही. सकाळी पेन शहाण्यासारखा चालायचा आणि दुपारी घरी येऊन टोपण काढलं की आत निळं तळं.

मी विज्ञान शिकवते. हे कळायला मला आठवडा लागला हे कबूल करते. बॅरलमध्ये साधारण १.८ मिलि शाई मावते. अर्धी संपली की ०.९ मिलि हवा. स्टाफरूममध्ये कूलरसमोर २८ अंश, बाहेर एप्रिलच्या दुपारी ४३. पंधरा अंशांच्या फरकाने हवा पाच टक्के फुगते, म्हणजे ०.०४५ मिलि, आणि एक थेंब असतो साधारण ०.०५ मिलिचा. रोज एक थेंब टपकत होता तो हिशेबाने टपकत होता. पुण्यात किंवा कोकणात हा प्रकार कमी जाणवेल, आपल्या खान्देशात मात्र मार्च ते जून ड्रॉपरचा पेन पर्समध्ये टाकून बाहेर पडू नये. कनव्हर्टरमध्ये शाईच कमी, त्यामुळे हवाही कमी. जी थोडी फुगते तिने ढकललेली शाई निबेखालच्या जिभेच्या खाचा सामावून घेतात.

म्हणजे कनव्हर्टरच हवा, आणि तो नेहमीचाच कापून आखूड करायचा असं ठरवलं. पाच स्वस्त कनव्हर्टरचं पाकीट २६० रुपयांना मिळालं. स्वस्तच घ्या, कारण पहिले दोन वाया जाणार. माझे गेलेच.

आधी आतली रचना सांगते, कारण ती न समजता कापलं तर काय होतं ते पुढे येतंच. पुढे पारदर्शक नळी, तिचं तोंड पेनात घुसतं. नळीत रबरी कडेचा दट्ट्या. दट्ट्याला मागे आटे असलेली दांडी. नळीच्या मागच्या टोकावर धातूचं कडं आणि त्याच्या मागे पोकळ फिरकी. फिरकी फिरवली की दांडी मागे सरकते आणि फिरकीच्या पोकळीत जाऊन बसते, दट्ट्या मागे येतो, शाई ओढली जाते. माझ्याकडच्यांचं कडं नुसतं दाबून बसवलेलं होतं. ओल्या फडक्यात धरून हलवत हलवत ओढलं की निघतं.

मोजमापासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर घरी आणला. तो डेडस्टॉक रजिस्टरला असल्याने परिचरकाकांनी चिठ्ठीवर सही घेतली आणि “मॅडम, सोमवारी पहिल्या तासाच्या आत” असं बजावलं. उदबत्तीची काडी बॅरलमध्ये घातली, खूण केली, मोजली. कनव्हर्टर पेनात बसवून कडेपासून मागे किती उरतो ते मोजलं, ६६ मिमी. ७२ पैकी ६ मिमी आत जातात. काडी म्हणाली बॅरल ४३ मिमी खोल आहे. म्हणजे किमान २३ मिमी कमी करायला हवेत. जरा सैल असावं म्हणून मी २६ ठरवले.

१३ एप्रिल, रविवार. हेक्सॉच्या तुटक्या पात्याने नळी मागच्या बाजूने १३ मिमी कापली आणि फिरकीही मागून १३. नळीला बारीक चीर गेली, पण ती कड्याखाली लपली. सगळं जोडलं, पेनात घातलं, बॅरल फिरवली तर पूर्ण बसली! घरात सगळ्यांना दाखवून झालं. मग शाई भरली आणि बॅरल बसेना. पुन्हा रिकामा केला, बसली. भरला, बसेना. रिकामा असताना झकास बंद होणारा आणि शाई भरली की उघडाच राहणारा पेन. पोरगी हसून लोळली.

दांडी कापायची राहिली होती. दट्ट्या मागे आला की ती कापलेल्या फिरकीतून मागे बोटभर बाहेर यायची. रात्री वहीत आकृती काढली तेव्हा खरं गणित समजलं. नळी १३ मिमी कमी केली की दट्ट्याची धाव १३ मिमीने कमी होते. धाव कमी म्हणून दांडी तेवढीच कमी करता येते. दांडी कमी म्हणून ती सामावणारी फिरकी तेवढीच कमी करता येते. म्हणजे नळी एक मिलिमीटर कापली की एकूण लांबी दोन मिलिमीटरने घटते, पण तिन्ही कापावं लागतं. दांडी मात्र १३ नाही, १२ कापायची. नाहीतर दट्ट्या पार पुढे गेल्यावर मागचे आटे सुटतात आणि दट्ट्या नळीतच राहतो.

त्यानंतरच्या रविवारी, २० तारखेला, दुसरा घेतला. या वेळी दांडी फिरवून पूर्ण बाहेर काढली आणि मागच्या टोकाला कापली. हे सगळं जमलं. तरी बॅरल दोन आटे आधीच अडायची. आत डोकावून पाहिलं तेव्हा कळलं की बॅरलचं टोक आतून निमुळतं आहे. उदबत्तीची काडी त्या निमुळत्या टोकात खोलवर जाते, फिरकी जात नाही. फिरकीएवढ्या जाडीच्या वस्तूने मोजायला हवं होतं. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मोजलं तर खोली ४० मिमी निघाली. म्हणजे माझे सैल ठेवलेले तीन मिमी तिथेच संपले होते, आणि हातकापणीची वेडीवाकडी कड वर अर्धा मिमी खात होती. फिरकी घासून ते जमवलं असतं. पण तोवर मी कडं झटपट चिकटणाऱ्या गोंदाने नळीवर चिकटवून बसले होते. चिकटवणं भागच होतं, कारण नळीची जी कड कड्यात अडकते तीच आपण कापून टाकलेली असते, आणि फिरकी फिरवली की कडंही सोबत फिरायला लागतं. गोंद वाळताना त्याची वाफ नळीत शिरली, नळी आतून दुधासारखी पांढरी झाली आणि दट्ट्या जागच्या जागी बसला. तो कायमचाच.

दोन गेले, तीन राहिले. माझ्या लक्षात आलं की मला गोंदापेक्षा सरळ कापणारा हात हवा आहे. असा हात गावात सोनारांकडे असतो. त्यांची करवत दोऱ्याइतक्या पात्याची असते, आणि खाच असलेल्या फळीवर कसलीही नळी धरून ते ती काटकोनात कापतात. आमच्या घरच्या मंगळसूत्रांची डागडुजी करणारे एक नाना आहेत. २४ एप्रिलला त्यांच्याकडे गेले. त्यांनी कनव्हर्टर चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवला.

“हाई काय शे ताई? सोनानं ते दिखत नही.”

सांगितलं. त्यांनी मागे लागलेल्या गिऱ्हाइकांकडे हात केला. “आखाजी व्हई जाऊ द्या, मंग या. आते पानी पेवाले बी टाइम नही.”

चूक माझीच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात सराफ बाजारात प्लास्टिक घेऊन कोण जातं? ३० एप्रिलला आखाजी झाली, माझी नणंद माहेरपणाला आली, मांडे आणि रस झाला, झोके झाले, दुसऱ्या दिवशी शाळेत निकाल वाटला. पेन या सगळ्यात ड्रॉवरमध्ये पडून होता, आणि खरं सांगायचं तर तेवढे दिवस मला त्याची आठवणही झाली नाही.

३ मे, शनिवारी दुपारी दुकान रिकामं होतं. मी तयारी करून गेले होते. कापायच्या खुणांवर कागदी चिकटपट्टी गुंडाळलेली, पट्टीची कड म्हणजे कापायची रेघ. नळी १३, फिरकी १३, दांडी १२. एकूण ७२चे ४६. पेनात ६ मिमी गेले की मागे ४० उरतात, पेन्सिलीने दाखवले तेवढेच. सैल काहीच नाही, म्हणून फिरकी अर्धा मिमी जास्त घासायला सांगितली.

“कापी देसू. पन मंग जोडाले सांगशात ते जमाव नही,” नाना म्हणाले. तीन काप चार मिनिटांत झाले. प्लास्टिक तापून वितळू नये म्हणून ते मधेमधे पात्याला मेण लावत होते आणि हात सावकाश चालवत होते. आतल्या कडेवर राहिलेली कुस त्यांनी बारीक कानसीने काढली. ही कुस राहिली तर दट्ट्याच्या रबराला ओरखडे पडतात आणि शाई मागे झिरपते. घरी करणाऱ्यांनी १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून काडीला गुंडाळून फिरवावा.

जोडायचं कशाने, यावर त्यांनीच तोडगा दिला: लाख. त्यांची कामाची लाख गरम करून लावतात, तिने नळी वितळली असती. पण सुतार पॉलिशला वापरतात तो चपडा, म्हणजे लाखेचेच पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवला की थंडच लावता येतो. नंतर वाचलं तर जुन्या पेनांच्या रबरी पिशव्याही चपड्यानेच चिकटवत आले आहेत. पाण्याने सुटत नाही, चुकलं तर स्पिरिटने सुटतो आणि पुन्हा बसवता येतो. माझ्यासारखीला हेच हवं होतं. हार्डवेअरच्या दुकानात पन्नास ग्रॅम चपडा साठ रुपये आणि स्पिरिटची बाटली पंचेचाळीस. लागला त्यातला चिमूटभर.

रविवारी सकाळी औषधाच्या झाकणात चपडा भिजत घातला, संध्याकाळपर्यंत मधासारखा झाला. दट्ट्याच्या रबरावर सिलिकॉन ग्रीसचा नखभरही नाही इतका लेप दिला. मग दट्ट्या पार पुढे ढकलून ठेवला आणि नळीच्या बाहेरून, मागच्या दोन मिमीवर, काडीने चपड्याची एक रेघ ओढून कडं बसवलं. आत थेंबही जाऊ द्यायचा नाही. नळी उभी, तोंड खाली, अशी पेल्यात ठेवली. स्पिरिट लगेच उडतं, पण चपडा आतून वाळायला वेळ घेतो. मी दोन रात्री थांबले. तो साधारण सत्तर अंशांना मऊ पडतो, त्यामुळे आपल्या उन्हाची भीती नाही. काच बंद केलेल्या गाडीत पुढे उन्हात मात्र पेन ठेवू नका.

६ मेला आधी नुसतं पाणी भरलं. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकून दोनदा धुतलं, मग साधं पाणी भरून रात्रभर टिश्यू पेपरवर. पेपर सकाळी कोरडा. कनव्हर्टर भरलेला असतानाही बॅरल बसते आणि रिकामा असतानाही. हे दोन्ही मी सहा-सात वेळा करून पाहिलं, पहिल्या रविवारची आठवण होती.

किती मावतं ते जाणायचं होतं. कागदावर धाव २५ची १२ मिमी झाली होती, नळी आतून ६ मिमी रुंद, म्हणजे ०.३४ मिलि. पण सिरींजवर एवढं बारीक मोजता येत नाही. पुन्हा नानांकडे. रिकामा कनव्हर्टर त्यांच्या काट्यावर ठेवला, काटा शून्य केला, पाण्याने भरून, पुसून पुन्हा ठेवला. ०.३२० ग्रॅम. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा ०.३२. वीस मायक्रोलिटरचा फरक दट्ट्याखाली राहणाऱ्या बुडबुड्याचा असावा.

“तीनशे वीस मिली,” नाना म्हणाले. सराफांच्या तोंडी मिली म्हणजे मिलिग्रॅम. “सोनं ऱ्हातं ते तीन हजारनं व्हतं.” कापायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पेन मात्र दहा मिनिटं हातातून सोडला नाही. पावतीपुस्तकाच्या मागे स्वतःची सही पंधरा-वीस वेळा केली. म्हणाले, निब जाड आहे, हिशेबाला चालणार नाही.

८ मेला रॉयल ब्लू भरली. तेव्हापासून तीच चालू आहे. ०.३२ मिलित माझी साधारण नऊ पानं होतात, म्हणजे कार्ट्रिजच्या निम्म्याहून कमी. वर्गकामाला दीड दिवस पुरतं, वह्या तपासायच्या असल्या तर त्याच दिवशी संपतं. लांब लिहिणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये, कार्ट्रिज आणि सिरींज त्यांना बरी, फक्त तोंड सैल पडलं की ती फेकायची. भरताना निब पूर्ण बुडवा, एकदा ओढून पुन्हा सोडा आणि दुसऱ्यांदा ओढा, नाहीतर अर्धा कनव्हर्टर हवेनेच भरतो. शेवटी दोन थेंब बाटलीत परत सोडून निब पुसा. शाई नळीच्या मागच्या बाजूला चिकटून बसली तर टिचकी मारा. तिच्यात सायकलचा छर्रा टाकायचा सल्ला मला एकाने दिला होता, तो मी ऐकला नाही. साधं पोलाद शाईत गंजतं.

मेच्या कडक उन्हात टपकण्याचा प्रकार एकदाही झाला नाही. उलटीच तक्रार आहे. चार दिवस न लिहिता ठेवला की आपल्या कोरड्या हवेत शाई निबेवर वाळते आणि कनव्हर्टरमधली गडद होते. ओल्या फडक्यावर निब टेकवली की चालू होतो. फिरकी शेवटच्या पाव फेऱ्याला जरा अडते, बहुतेक माझी एक चपड्याची रेघ आत गेली असावी. सोडवायचा मोह झाला होता, पण सोडवला नाही.

खुलाशाची प्रत शाळेच्या फायलीत आहे. व्हर्नियर दोन्ही वेळा पहिल्या तासाच्या आत परत केला. पाचातले दोन कनव्हर्टर उरले आहेत, त्यातला एक नानांनी मागून घेतला. त्यांच्या वडलांचा एक पेन तिजोरीत आहे, त्यातली रबरी पिशवी कधीच विरघळून गेली. तो पुढच्या रविवारी मोजायचा आहे, या वेळी पहिल्यापासून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने.